पान एकेचाळीसवरची वहिनी

स्टाफरूम, ४ जून

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

छापखान्यात माश्या मारत बसलोय, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. आता माश्यांना सुट्टी दे. सोबतचं बाड सोड आणि कामाला लाग. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी लहानसं पुस्तक आहे, नाव 'कथेची अवजारं'. कथानक म्हणजे काय, पात्र म्हणजे काय, निवेदक कोण, संघर्ष कशाशी खातात, एवढंच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलांच्या हातात पडायला हवं.

आजवर आमच्याकडे विभागप्रमुखांचं पुस्तक चालायचं. मुलं त्यांना व्याख्यामहर्षी म्हणतात, आणि मुलं क्वचितच चुकतात. महर्षींच्या पुस्तकात लिहिलंय की, कथेतील कथनीय घटनांची कथनात्मक सांगड म्हणजे कथानक. वीस वर्षं मुलं हे पाठ करताहेत. यंदा एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं की कथानक म्हणजे कथेचं नाक. मी तिला अर्धा गुण दिला. महर्षींनी कारण विचारलं, तेव्हा सांगितलं की अख्ख्या वर्गात स्वतःच्या डोक्याने विचार केलेली ती एकटीच आहे. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त संस्कृतात खोकतात. तरीही मुखपृष्ठावर 'मार्गदर्शक' म्हणून त्यांचं नाव हवंय, आणि ते माझ्या नावापेक्षा मोठ्या टायपात हवंय.

उदाहरणं मात्र मी सगळी घरातली घेतली आहेत. मुलांना राजवाडे आणि वादळात सापडलेली जहाजं दाखवली की ती खिडकीबाहेर बघायला लागतात. घरातला माणूस दाखवला की लगेच कळतं. नाव कुणाचंच घातलेलं नाही, तेव्हा कुणी ओळखेल ही भीती नको.

मुद्रितं वहिनींकडेच दे. त्या मजकुरात रमत नाहीत, नुसत्या चुका काढतात. त्यामुळे काम भराभर होतं.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त काम वेळेवर व्हावं, ही विनंती.

तुझी धाकटी


छापखाना, १९ जून

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

तुझं बाड पोचलं. तीन फर्मे, म्हणजे अठ्ठेचाळीस पानं, जुळवून झाली. पहिले दोन छापूनही झाले. मी जुळारी माणूस. अक्षरं उलटी वाचायची सवय, त्यामुळे अर्थ लागायचा धोका सहसा नसतो. पण तुझं पुस्तक उलटं वाचूनही समजतं. आता हा गुण की दोष, ते तुझ्या महर्षींना विचार.

थोडी विद्या मलाही चढली आहे. काल कागदवाला उशिरा आला आणि रस्त्यात पूर आल्याचं सांगायला लागला. मी त्याला विचारलं की ही अतिशयोक्ती समजू की कल्पित कथा. तो म्हणाला, पाऊणशे रिमं उतरवून घ्या, मग काय समजायचं ते समजा. पूर्वसूचनेचीही तू छान व्याख्या केली आहेस: पुढे जे घडणार त्याची आधी लागलेली चाहूल. आमच्या घरात ती ताटल्यांच्या आवाजावरून लागते. गेले चार दिवस ताटल्यांचा आवाजच येत नाही, आणि हे लक्षण जास्त वाईट आहे.

कारण सांगतो. पान एकेचाळीस. तुझेच शब्द उतरवून देतो, म्हणजे मी काही चढवून सांगतोय असं वाटायला नको. 'एका घरात एक वहिनी असते. ती सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांचं करते, दुपारी मुद्रितं तपासते, संध्याकाळी पुन्हा सगळ्यांचं करते. तिला काय वाटतं हे कथेत येत नाही, कारण तिला वेगळं असं काही वाटतच नसतं. सुरुवातीला ती जशी असते तशीच शेवटी असते. अशा पात्राला सपाट पात्र म्हणतात.'

ते प्रूफ तुझ्या वहिनीनेच तपासलं. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, एक स्वल्पविराम घातला, खाली सही केली आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून भाजी चिरायला गेली. मी काही विचारलं नाही. घरात शांतता राखण्याचं खातं माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊक आहेच.

तर आता ऐक. सपाट माणसांचा काही दुष्काळ पडलेला नाही. पोस्टमन घाल, कंडक्टर घाल, हवं तर महर्षींना घाल. आणखी एक. पान चव्वेचाळीसवर परिवर्तनशील पात्र म्हणून तू बाबांना बसवलं आहेस. तो उताराही बदललास तर बरं होईल. कारण विचारू नकोस, मला नुसतंच तसं वाटतं. तिसरा फर्मा मशीनवर चढवायचा थांबवलाय. आठवड्यात कळव.

वहिनीचे आशीर्वाद गृहीत धरतो. विचारायची हिंमत झाली नाही.

तुझा दादा


स्टाफरूम, २५ जून

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं. बायकोला घाबरणारा नवरा हेसुद्धा एक साचेबंद पात्र आहे. पुढच्या आवृत्तीत तुझी सोय करते.

वहिनींना राग आलाय, ही तुझ्या मनाची भर. इतक्या वर्षांत त्यांना रागावलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. त्या रागावल्या असत्या, तर उदाहरण म्हणून त्यांना घेतलंच नसतं. शिवाय सपाट ही काही शिवी नव्हे. चांगल्या कथेला सपाट पात्रंही लागतात. ती नसली तर बाकीच्यांना जेवायला कोण वाढणार?

आणि बाबांचा उतारा मी मुळीच बदलणार नाही. अख्ख्या पुस्तकात तोच एक उतारा मला मनापासून आवडतो. तू तेव्हा घरात होतास, तरी तुला पुन्हा सांगते, कारण तू घरात असूनही नसतोस. कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म बाबांच्या टेबलावर दोन आठवडे पडून होता. पालकाच्या सहीचा रकाना कोरा. मुलीने शिकून काय दिवे लावायचे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी रडून रडून मैत्रिणीकडे गेले. संध्याकाळी परतले तेव्हा वहिनी भांडी पुसत होत्या. त्यांनी सांगितलं की फॉर्मवर सही झाली आणि तो कॉलेजात पोचलासुद्धा. मी धावत छापखान्यात गेले आणि बाबांचे आभार मानले. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता फक्त 'हं' म्हणाले.

त्या 'हं'वर मी पाऊण पान लिहिलं आहे, ते तू जुळवलंच असशील. वडिलांच्या मनातलं सगळं द्वंद्व, हट्ट आणि माया यांची झटापट, हे सगळं त्या एका हुंकारात सामावलंय. मुलांना हे शिकवायचं नाही तर काय शिकवायचं? कठीण माणूससुद्धा एका दुपारी बदलू शकतो, यावर तर माझं अख्खं आयुष्य उभं आहे.

तेव्हा फर्मा चढव. महर्षींनी प्रस्तावना दिली आहे, अकरा पानांची. त्यातली नऊ पानं त्यांच्या विद्यार्थिदशेवर आहेत. फोटोही दिलाय, काळे केस असतानाचा. दोन्ही सोबत आहेत.

राग नसावा, असला तर तो फर्म्यावर काढावा.

धाकटी


घर, ३ जुलै

वन्संना,

स. न. वि. वि.

तुम्हाला माझं हे पहिलंच पत्र. आजवर ह्यांच्या पत्राखाली दोन ओळी लिहीत आले, तेवढी जागा पुरायची. आज पुरणार नाही.

तुमचं पत्र ह्यांनी मला दाखवलं नाही. टेबलावर उघडं ठेवून गेले. ह्यांची दाखवायची पद्धत ती आहे.

आधी कामाचं. पान अडतीसवर 'सर्वज्ञ' शब्दात ज्ञ तुटलेला होता, तो बदलला. तिथे तुम्ही व्याख्या दिली आहे की ज्याला सगळ्यांच्या मनातलं कळतं तो सर्वज्ञ निवेदक. व्याख्या बरोबर आहे. पण मग पान एकेचाळीस लिहिणारं माणूस त्यात बसत नाही, एवढं लक्षात आणून देते. मजकूर तपासणं माझं काम नाही, अक्षर तपासणं आहे. म्हणून ते पान मी वेलांट्या सुधारून परत केलं. मला सपाट म्हटल्याचं वाईट वाटलं का, तर वाटलं. पण पोस्टमनला सपाट म्हटलं असतं तर त्यालाही वाटलं असतं, म्हणून गप्प बसले. पान चव्वेचाळीस मात्र तपासता येईना. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही आणि एकही वाक्य खरं नाही.

त्या फॉर्मवर मामंजींनी सही केलेली नाही. ती मी केली.

त्या दिवशी दुपारी ते कागदाच्या गोदामात गेले होते. मी त्यांच्या टेबलाशी, त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांच्याच पेनने सही केली. आठ वर्षं त्यांच्या सह्या रोज बघत होते, अवघड गेलं नाही. मग चपला घातल्या, दुपारची गाडी धरली आणि कॉलेजात जाऊन फॉर्म देऊन आले. खिडकीवरच्या कारकुनाने मला तुमची आई समजून बाई म्हटलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. सहीचं काही वाटलं नव्हतं, त्याचं वाटलं.

का केली, असं विचाराल. मोठं कारण मला सापडत नाही. तुम्ही रोज तो फॉर्म त्यांच्या टेबलावर नीट सरळ करून ठेवत होता आणि ते रोज त्यावर चहाचा कप ठेवत होते. संध्याकाळी टेबल पुसताना मी डाग मोजायची. चौदा झाले. पंधरावा नेमका रकान्यावर पडला असता, म्हणजे सहीला जागाच उरली नसती. छापलेल्या कागदाची अशी नासधूस मला बघवत नाही.

मामंजी परतले तेव्हा मी छापखान्यात जाऊन त्यांना स्वतः सांगितलं. लपवून ठेवलं असतं तर ती चोरी झाली असती. ते ओरडले नाहीत. त्यानंतर अर्ध्या तासाने तुम्ही नाचत आलात आणि आभार मानलेत. ते 'हं' म्हणाले. त्यात काय सामावलं होतं म्हणता? सून आपली सही करते हे चारचौघांत बोलायची सोय नव्हती, हे सामावलं होतं. दुसऱ्या दिवसापासून लोक येऊन त्यांचं कौतुक करू लागले, की मुलीला शिकवताय, मोठ्या मनाचे आहात. ते कौतुक त्यांनी ठेवून घेतलं. तुम्ही दर सुट्टीत येऊन आभार मानत होता, तेही ठेवून घेतले.

माझ्याशी मात्र ते पुन्हा बोलले नाहीत. नऊ वर्षं. मीठ कमी असेल तर ह्यांना सांगायचे, आणि हे मला सांगायचे. मी समोर उभी असायची. शेवटच्या आजारात पाणी हवं असलं तर भिंतीकडे बघून पाणी म्हणायचे, आणि मी द्यायची. शेवटच्या आठवड्यात ते माझ्याशी बोलले असं लिहिलं असतं, तर तुमच्या पुस्तकात शोभलं असतं. पण नाही बोलले.

हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुम्हाला वडील चांगले मिळाले होते, ते कशाला काढून घ्यायचे, असं वाटायचं. पण आता तुम्ही ते दरवर्षी शंभर मुलांना वाटणार, तर निदान तुम्हाला माहीत असावं.

दुसरं काही मागणं नाही. तुमची पायदुखी कमी झाली का ते कळवावं. लोभ होता तसाच आहे, त्या बाबतीत मी खरोखरच सुरुवातीला होते तशी आहे.

वहिनी


स्टाफरूम, ९ जुलै

दादा,

नमस्कार. बाकी अक्षरं आज लिहिवत नाहीत.

वहिनींचं पत्र आलं. मी ते चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मला ते खोटं ठरवायचं होतं. मी ज्या कॉलेजात शिकले तिथेच शिकवते, हे माझं नशीब म्हण नाहीतर शिक्षा. काल कार्यालयातल्या जुन्या कारकुनाला गाठलं. बावीस वर्षांपूर्वीचं गाठोडं काढायला सांगितलं. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, संशोधन. त्याने धूळ झटकली ती माझ्याच अंगावर.

फॉर्म सापडला. मी डाग मोजले. चौदा आहेत. आणि खाली सही. दादा, बाबा आयुष्यभर स्वतःच्या नावातली दुसरी वेलांटी चुकीची काढत आले. छापखान्याचे मालक, आणि स्वतःचं नाव अशुद्ध! आपण दोघं त्यावर किती हसायचो. फॉर्मवरची वेलांटी बरोबर आहे. वहिनींनी अख्खी सही हुबेहूब उतरवली, पण तेवढी एक चूक त्यांच्या हातून होईना. मी पंधरा वर्षं मुलांना बारकाईने वाचायला शिकवते, आणि माझ्याच फॉर्मवरची ती वेलांटी मला कधी बघावीशी वाटली नाही.

कार्यालयात उभ्या उभ्या मला हसू आलं आणि मग ते थांबेना. कारकुनाने पाणी आणून दिलं. काय समजायचं ते तो समजला असेल.

आता तुझ्याकडे वळते. तुला माहीत होतं. बाबांनी नऊ वर्षं तुझ्या तोंडून मीठ मागितलं. मी सुट्टीत येऊन बाबांचे गोडवे गायचे, तेव्हा तू शेजारी बसून नखं साफ करत असायचास. एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही, की धाकटे, आभार मानायचे तर स्वयंपाकघरात जा. पुस्तकात मी अविश्वसनीय निवेदकाचं उदाहरण शोधत होते, ते मीच निघाले. पण मला निदान माहीत नव्हतं. माहीत असून गप्प बसणाऱ्याला काय म्हणतात, ती संज्ञा माझ्या पुस्तकात नाही. तुझ्याकडे असली तर कळव.

तिसरा फर्मा छापला असशील तर रद्दीत घाल. वहिनींना मी काय लिहू, ते सुचत नाही. पाच कागद फाडले.

धाकटी


छापखाना, २० जुलै

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. संज्ञा आहे. छापखान्यात तिला स्पेस म्हणतात. दोन शब्दांच्या मध्ये बसवायचा शिशाचा तुकडा. त्याच्यावर अक्षर नसतं, त्याचा ठसा उमटत नाही, आणि तो नसला तर शब्द एकमेकांवर आदळतात. मी स्वतःची अशी समजूत घालत आलो. मला छापखान्यात बाबांच्या हाताखाली दिवस काढायचे होते, हेही खरं. हे कारण म्हणून लिहितोय, माफी म्हणून नाही.

तिसरा फर्मा छापून झाला होता. त्याचे गठ्ठे बांधून ठेवले आहेत, दुकानदार पुड्या बांधायला नेतील. चव्वेचाळीसवरचा बाबांचा उतारा काढला. त्या जागी आपल्या शेजारचा घड्याळजी घातला, ज्याने साठीनंतर दारू सोडली. तो खरोखरच बदललाय, मी चौकशी केली.

एकेचाळीसवर मात्र वाद झाला. तिथे वहिनीचा खरा प्रसंग घालावा आणि तिला पुस्तकाची नायिका करावी, असं मी सुचवलं. तुझी वहिनी म्हणाली की तिला नायिका व्हायचं नाही, तिला एवढंच हवंय की खोटं छापलं जाऊ नये. मुलांना सपाट पात्राचं उदाहरण तर लागणारच, तेव्हा घरात दुसरं कोण आहे ते बघा, असं म्हणून तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग मीच लिहिलं. कागदावर नाही, थेट खिळे जुळवले. 'एका घरात एक दादा असतो. तो दिवसभर उलटी अक्षरं सुलटी करतो आणि घरात जे उलटं चाललेलं असतं ते तसंच राहू देतो. वडील बोलले तर ऐकतो, वडील बोलेनासे झाले तर त्यांचे निरोप पोचवतो. त्याला सगळं माहीत असतं, म्हणून तो चेष्टा करतो. सुरुवातीला तो जसा असतो तसाच शेवटी असतो.'

खरं सांगू? मला वाटलं होतं, ती यातलं एखादं वाक्य तरी खोडेल. समासात लिहील, की हे जरा जास्त झालं. प्रूफ परत आलं ते कोरं. एक काना नाही, एक मात्रा नाही. तीस वर्षांत तिच्या हातून कोरं प्रूफ परत आलेलं मी पाहिलं नव्हतं. मी विचारलं की यात एकही चूक नाही का. ती म्हणाली, नाही.

पुस्तक पुढच्या आठवड्यात बांधून तयार होईल. गठ्ठा घेऊन तुझी वहिनी स्वतःच येते आहे, गुरुवारच्या गाडीने. किती दिवस राहणार ते सांगितलेलं नाही. महर्षींच्या प्रस्तावनेचं प्रूफही तिने परस्पर त्यांच्या पत्त्यावर पाठवलंय. लाल शाईची अख्खी बाटली संपली.

तिला जपून ने, जपून ठेव. मी ठीक आहे असं समज.

दादा


वन्संच्या खोलीवरून, २ ऑगस्ट

अहो,

सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. वन्सं स्टेशनवर आल्या होत्या. काय बोलायचं ते त्यांनी पाठ करून आणलं असावं, कारण मला बघितल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही. मग आम्ही दोघींनी मिळून गठ्ठा उचलला आणि तेवढ्या कामात बाकीचं निभावलं. खोलीवर आल्यावर त्या रडल्या. मी त्यांना रडू दिलं. त्यांची खोली फार अस्ताव्यस्त आहे. पुस्तकं कॉटवर आणि बाई जमिनीवर.

पुस्तक चांगलं दिसतंय. पान सत्तरवर एक अनुस्वार उडाला आहे. तो मशीनवर उडाला, माझ्या हातून नाही, हे लक्षात असू द्या. महर्षींनी प्रस्तावना मागे घेतली. वेळेअभावी, असं कळवलंय. मी दोनशे चौदा चुका काढल्या होत्या. त्यातल्या सहा त्यांच्या स्वतःच्या पदव्यांत होत्या. मार्गदर्शक म्हणून नावही नको म्हणाले. काल व्हरांड्यात दिसले, तर मला पाहून पुढच्या वर्गात शिरले. तो रसायनशास्त्राचा होता.

काल वन्संनी मला त्यांच्या वर्गात नेलं. मी शेवटच्या बाकावर बसले. मुलांना वाटलं, कुणाची तरी आई तक्रार घेऊन आली आहे. वन्संनी पान एकेचाळीस मोठ्याने वाचलं आणि या दादाला आत काहीच वाटत नाही, म्हणून हे पात्र सपाट, असं समजावलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. वन्सं नंतर म्हणाल्या, की कथेच्या नाकाचं उत्तर लिहिणारी ती हीच. तिने विचारलं, की दादाला आत काहीच वाटत नव्हतं हे निवेदकाला कसं कळलं. त्याला कुणी विचारलं होतं का? वर्ग हसला. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींचा स्टँड होता.

घरी येताना मनात तेच घोळत होतं. मी ते प्रूफ कोरं परत केलं. त्यातलं प्रत्येक वाक्य मला खरं वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण मीसुद्धा तुम्हाला कधी विचारलेलं नाही. बावीस वर्षांत नाही. म्हणून आता विचारते. त्या संध्याकाळी मी मामंजींना सहीचं सांगितलं, तेव्हा तुम्ही दाराशी उभे होतात. हातात शाईचा रूळ होता आणि शाई फरशीवर ठिबकत होती, ती नंतर मीच पुसली. तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?

चेष्टा लिहून पाठवू नका. ती मला पाठ आहे.

जेवण वेळेवर घेत जा. इथला माझा मुक्काम तुमच्या उत्तराच्या लांबीवर ठरेल असं समजू नका, मला इथे बरं वाटतंय.

तुमची, सध्या वन्संची


छापखाना, ७ ऑगस्ट

तुला काय म्हणून सुरुवात करावी ते ठरेना. लग्नाला तीस वर्षं झाली आणि तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तू कधी कुठे गेलीच नाहीस. तेव्हा नुसताच आशीर्वाद लिहितो, मोठेपणाचा हक्क सांगत नाही.

त्या दिवशी सकाळी माझ्या हातून एका शाळेचं निकालपत्रक बिघडलं होतं. अख्ख्या फर्म्यात पास आणि नापास हे रकाने उलटे लागले होते आणि दोन हजार प्रती छापून झाल्या होत्या. बाबांना सांगायचं राहिलं होतं. ते गोदामातून आले, आता सांगावं म्हणून मी दाराशी आलो, तर तू आधीच बोलत होतीस. तू सहीचं सांगितलंस आणि त्यांचा चेहरा बदलला. निकालपत्रकाचं नंतर त्यांनी विचारलंच नाही.

मला हायसं वाटलं.

तेवढंच वाटलं, दुसरं काही नाही. तू काय केलंस, कुणासाठी केलंस, हे माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी आलं. तेव्हा मी ठरवलं की आता बोलायला उशीर झाला. तिसऱ्या दिवशीही तेच ठरवलं. मग ठरवावं लागेनासं झालं.

हे वाचून तू तिथेच राहायचं ठरवलंस तर ते योग्य होईल. पण रविवारी सकाळच्या गाडीने मी तिकडे येतोय. छापखाना बंद ठेवणार आहे. हे तुमच्या दोघींच्या समोर बसून, तोंडाने सांगायचं आहे, कारण लिहिताना मी तीनदा विनोद खोडले आणि चौथा सुचतोच आहे.

स्टेशनवर कुणी येऊ नका. पत्ता विचारत येईन.

लोभ मागायला तोंड नाही, पण आल्यावर दार उघडावं, ही विनंती.

तुझा